काळ्या दगडाचा उलो

"जिभेक इचारा, बाईनू. ती खोटा सांगना नाय."

नवी वस्तू हाती आली, की मामा ती आधी जिभेच्या टोकाला टेकवत. खडूंचा नवा खोका असो, विहिरीचं पाणी असो, नाहीतर जनेलाच्या गजावरचा गंज असो. डोळे अर्धे मिटत, मान डावीकडे किंचित कलत असे आणि मग निकाल येई: "ह्या खडवात चुनो कमी, माती जास्त." एकदा हेडसरांच्या टेबलावरचं कागद दाबायचं पितळी वजन पुसता पुसता त्यांनी ते चाखलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं, "सर, ह्या निवळ पितळ न्हय." ते वजन पुन्हा टेबलावर दिसलं नाही.

मामा आमच्या हायस्कुलाचे शिपाई. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते तिथेच राहिलं. विद्यार्थ्यांपासून हेडसरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. संस्थेचा इतिहास लिहिताना त्यांचा उल्लेख येत नाही, पण संस्थेची आठवण आली की आधी तीच डोळ्यांपुढे उभी राहतात.

मी मूळची डिचोलीची. गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. खेड्याखेड्यांतून शाळा उघडत होत्या आणि त्यांना शिकवणारी माणसं हवी होती. मराठी घेऊन एम. ए. झालेली मी पेडणे तालुक्यात, हळर्णच्या पलीकडच्या एका गावी रुजू झाले, तेव्हा माझ्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा कवितेची पुस्तकं अधिक होती. शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं, तर खाकी कपड्यांतला एक काटकुळा माणूस पायरीवर बसून तांबडा दगड चाखत होता. मला पाहून तो ओशाळला नाही. दगडाची दुसरी बाजू सदऱ्याला पुसून त्याने माझ्यापुढे धरली.

"बघा. रगतासारखा लागता काय नाय?"

नको म्हणायला हवं होतं. पण मी चाखला. लहानपणी पडून ओठ फुटला होता, त्या दुपारची चव जिभेवर परत आली, खारट आणि कोमट. "लोखंड," मामा म्हणाले. "डोंगरातला आणि आपल्या रगतातला, एकच." त्या शाळेतला माझा पहिला तास असा झाला, आणि त्या तासाला विद्यार्थिनी मी होते.

मामा सावंतवाडीकडचे. तरुणपणी पोटासाठी डिचोलीच्या खाणींवर आले आणि तिथली तांबडी धूळ पंधरा वर्षं अंगावर घेऊन मग या शाळेत चिकटले. व्हरांड्यासमोरच्या आंब्याला खाणीवरच्या ट्रॉलीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तासातासाला मामा त्यावर टोल देत. त्यांचा टोल सबंध गाव ऐके. शेतातल्या बायका त्यावर पेज चुलीवर ठेवत आणि पाव विकणारा पोदेर त्यावर आपल्या सायकलीला टांग मारी.

शाळेमागे काजूंच्या उतारावर, दोनशे पावलांवर, मामांचं दोन खणांचं घर होतं. त्यात मामी. मी येण्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू निकामी झाली आणि वाचाही गेली. हाक मारण्याला आमच्याकडे 'उलो मारणं' म्हणतात. मामींचा उलो म्हणे ओढ्यापलीकडच्या मळ्यात ऐकू जायचा. त्यांनी घरातून मारलेल्या हाकेने मामा खाणीवरून उतरत, अशी थट्टाही गावात चाले. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या गळ्यातून केवळ श्वासाचा आवाज येत होता. डोळे मात्र विलक्षण बोलके. डावा हात सतत काहीतरी चाचपत असे, अंधारात दिव्याची वात शोधावी तसा.

विज्ञानाचे सर दयाळू होते. त्यांनी म्हापशाच्या बाजारातून एक छोटी घंटा, बटण, तार आणि टॉर्चचे सेल आणून दिले. मामींच्या खाटेशी बटण, शाळेच्या ऑफिसात घंटा. महिनाभर ती ठीक वाजली. मग पावसाळा लागला, सेल आतून ओलावले, आणि एके सकाळी मामींनी बटण दाबलं तर ऑफिसात काहीच वाजलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पाण्याचा तांब्या गाठायला त्या स्वतःच वळल्या आणि खाटेवरून खाली पडल्या. मधल्या सुट्टीत मामा घरी गेले, तेव्हा दोन तास त्या सारवलेल्या थंड जमिनीवर पडून होत्या. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटावर बटणाचा लाल वळ उठलेला होता.

त्या दिवसानंतर मामा दर अर्ध्या तासाने उतार उतरून घरी जाऊ लागले. टोल चुकू लागले. एकदा तर तिसरा तास चौथ्याच्या पोटात शिरला आणि इतिहासाच्या सरांनी एक लढाई दोनदा शिकवली. हेडसर वाईट नव्हते. पण शाळा वेळेवर चालवणं त्यांच्या गळ्यात होतं. त्यांनी मामांना बोलावून शांतपणे सांगितलं, "मामा, चवथीच्या सुट्टीपर्यंत काहीतरी बंदोबस्त करा. त्यानंतर तासाच्या वेळात जागा सोडायची नाही. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

चतुर्थीला दीड महिना होता.

"नवे सेल आणून देतो," विज्ञानाचे सर म्हणाले.

"नको, सर." मामा पायरीवर बसले होते. हातात मेलेला सेल होता. "ह्यो मेलो, ता माका कोणी सांगल्यान? वरसून बघा, कसो गोरोगोमटो आसा. विकतच्याक तोंड नसता. माका असो सेल व्हयो, जेका मी रोज सकाळी इचारीन, आसस काय रे? आणि तो सांगात. आणि मरात तर कसो मेलो, ताय कळात."

"तो तुम्ही बनवणार? कशाचा?"

मामांनी समोर हात केला. तिथे डोंगर होता, माड होते, कोकमाचं झाड होतं आणि पाऊस होता. "ह्या सगळ्याचो," ते म्हणाले.

आता इथे माझा प्रवेश होतो. मामांना अक्षरं लावून वाचता येई, पण जोडाक्षरांशी त्यांचं बरं नव्हतं. म्हणून मधल्या सुट्टीत मी त्यांना विज्ञानाचं पुस्तक वाचून दाखवू लागले. 'दोन भिन्न वाहक पदार्थ अम्लात बुडवले असता...' इथे त्यांनी हात वर केला, मुलं करतात तसा.

"अम्ल म्हणजे?"

"आंबट."

"मग आंबट म्हणूक काय झाला तेंका?"

शब्दांमागे आयुष्य घालवायचं ठरवलेल्या मला कधी वाटलंही नव्हतं, की त्या कोरड्या शब्दाला तोंडाला पाणी सुटणारा एक सख्खा भाऊ आहे. मामा मात्र खुलले. "म्हणजे आमचो अख्खो गाव विजेन भरललो आसा!" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. बिमलां, चिंच, माडाच्या सुरेचा शिर्का, आगळ. पुढचा आठवडाभर चाखणं चाललं. शर्यत आगळाने जिंकली. कोकमाचा तो गडद लाल रस मीठ घालून मुरवलेला असतो. "निसता आंबट आळशी," मामांनी निकाल दिला. "तेका मीठ लागला काय ता धावता."

आगळ ठेवायला मातीची भांडी हवी होती, आणि माती म्हटलं की डिचोली. रविवारी घरी गेले तेव्हा कुंभाराकडून वीस लहान बुडकुली घेतली. पेंढ्यात गुंडाळून, दोन बसगाड्या बदलून, मांडीवर ठेवून आणली. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "बुडकुलीं कसलीं, बाय? दहयाचीं?" मी म्हणाले, "विजेची." तो पुढच्या थांब्यावर उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

करवंट्या मातीखाली कोंडून जाळल्या, अशा की कोळसा वाजवला तर काचेसारखा खणखणावा. लोहाराने लोखंडाच्या वीस पट्ट्या ठोकून दिल्या. प्रत्येक बुडकुल्यात कडेला पट्टी, मधे कोळशाच्या भुकटीची कापडी पुरचुंडी, वर आगळ. एकाची पट्टी दुसऱ्याच्या पुरचुंडीशी जोडत मामांनी ऑफिसच्या मागच्या पडवीत विसांची रांग मांडली. त्या पडवीला मग मुरलेल्या आमसुलांचा, ओल्या मातीचा आणि गंजाचा असा एक वास राहिला, की आजही पावसाळ्यात कुठे कोकम फुटलं की मी त्या पडवीत उभी असते.

शेजारच्या काकी कुंपणापलीकडून पाहत होत्या. "आमका कढयेक आगळ पुरना," त्या म्हणाल्या, "आनी हे हांगा आगळाची वीज रांदतात!"

"काकी, कढी पिवन तू निजतलंस," मामा म्हणाले. "माझी वीज जागी रवतली."

मग त्यांनी रांगेच्या दोन टोकांच्या तारा माझ्यापुढे धरल्या. "जिभेक इचारा."

मी भ्याले होते, हे कबूल करते. विजेला मी आजवर आकाशात पाहिलं होतं आणि कवितेत. जीभ पुढे केली. आधी काहीच नाही, थंड धातू. मग टोकावरून एक आंबट मुंगी चालत गेली. ती चावली नाही, पण ती होती. डोळ्यांत पाणी आलं ते चवीने की आश्चर्याने, मला सांगता येणार नाही.

पण मुंगी थकत होती. विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेच्या कपाटातलं विद्युतचुंबक आणून जोडलं. त्याने समोर लावलेली लोखंडाची लवचिक जीभ तीनदा ओढली, चौथ्यांदा निम्मी, आणि पाचव्यांदा ती नुसती थरथरली. तासभर विश्रांती दिली की पुन्हा तीनदा. "दम नाय," मामा म्हणाले. खाणीत असे कामगार त्यांनी पुष्कळ पाहिले असणार. चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. चतुर्थी तीन आठवड्यांवर आली होती आणि मामींना पाणी हवं असेल तेव्हा पहिल्या तीन हाकांतच हवं असेल, असं कोण सांगणार?

दोन दिवस ते पडवीत रांगेशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी म्हापशाचा तो मेलेला सेल पायरीवर ठेवला आणि कोयत्याने उभा चिरला. आम्ही भोवती उभे. आत मधोमध कोळशाची कांडी, भोवती काळी भुकटी. मामांनी भुकटी बोटांत चोळली. चाखली आणि थुंकली. पुन्हा चोळली. "ह्यो निसतो कोळसो न्हय. कोळसो खरखरता. ह्या मऊ आसा, काजळासारखा." मग ते एकदम उठले आणि घराकडे चालू लागले. मला वाटलं, मामींना पाहायला गेले. परतले ते हातात एक जड काळा दगड घेऊन. खाणीवरून उतरताना आठवण म्हणून आणलेला तो दगड इतकी वर्षं त्यांच्या दाराला टेकण होता.

त्यांनी तो कौलाच्या पाठीवर घासला. काळी, मऊ रेघ. शेजारी सेलमधली भुकटी घासली. दुसरी रेघ. दोन्ही रेघांमधे फरक दाखवा, म्हणून त्यांनी आम्हा तिघा शिक्षकांना आव्हान दिलं. आम्हाला दाखवता आला नाही. दगड जिभेला लावला तर तो तिला धरून राहिला, कोरड्या खापरीसारखा.

"मँगनीज," विज्ञानाचे सर हळूच म्हणाले. पुस्तकात ते त्यांनी अनेकदा शिकवलं होतं. दाराला टेकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आमी तेका काळो म्हणा होतव," मामा म्हणाले. "तांबड्यात काळो इलो काय मुकादम गाळी घाली."

खाणीवर ट्रक चालवणाऱ्या त्यांच्या एका गाववाल्याने आणखी पाटीभर काळो आणून दिला. मुसळाने कांडून, वस्त्रगाळ करून तो कोळशात मिसळला. पुरचुंड्या नव्याने बांधल्या. विद्युतचुंबकाने लोखंडाची जीभ ओढली. पुन्हा ओढली. मी चाळीसपर्यंत मोजलं आणि मग मोजायचं विसरले, कारण मामा नाचत होते. पन्नाशीचा माणूस, पडवीत, हात काळेकुट्ट, "दम इलो! दम इलो!" असं म्हणत.

राहिली तार. दोनशे पावलांची. मामांना सरांनी आणलेली विकतची तारही नको होती. पण या मुलखाच्या मातीत तांबं नाही. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले होते. मामा लोखंडाच्या तारेचं काहीबाही बोलत होते. खाटेवरून मामी ऐकत होत्या. त्यांनी डावा हात लांब केला आणि खाटेखालची तांब्याची कळशी बोटांनी पुढे सरकवली. लग्नात आणलेली. ती कडेवर घेऊन त्या वीस वर्षं विहिरीवर गेल्या असतील. कळशीचं बूड जमिनीवर घासत आलं, त्याचा आवाज मी विसरलेले नाही.

मामा तिच्याकडे पाहतच राहिले. "ही नको गो," ते म्हणाले. मामींनी कळशी आणखी एकदा ढकलली. आता ती मामांच्या पायाला लागली.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "आमच्या मातयेत तांबा नाय, बाईनू. ता देवान हिच्या कळशेत ठेवल्यान." बोलताना त्यांनी रुळाच्या तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

पेडण्याच्या एका सोनाराने कळशी कापून, तापवून, पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून ओढून तिची तार केली. दोन प्रकारची, एक जाड, बाहेरच्या रस्त्यासाठी, एक बारीक, नव्या चुंबकाभोवती गुंडाळण्यासाठी. बारीक तारेवर सूत चढवायचं होतं, म्हणजे वेटोळी एकमेकांना चिकटली तरी वीज मधेच पळवाट काढणार नाही. नववीच्या मुली आणि मी वातीचं सूत घेऊन बसलो. त्यावर मेण आणि राळ. हाताला देवघराचा वास येई. मी त्यांना वृत्तं शिकवत होते त्या दिवसांत. लघू-गुरू म्हणत म्हणत आम्ही तार गुंडाळली. पुढे त्यातली एकही मुलगी वृत्तात चुकली नाही.

जाड तार एका बाजूलाच पुरली. वीज जायला तार होती, परत यायला नव्हती. विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, की परतीला ओली माती चालते. दोन्ही टोकांना तांब्याचा पत्रा पुरायचा. मधली जमीन आपलं काम करते. मामांना हे फार आवडलं. "म्हणजे उलो वाऱ्यान येतलो आणि पायांनी परत जातलो." कळशीचा तळ उरला होता. त्याचे दोन तुकडे करून एक घराच्या पायरीशी पुरला, एक शाळेच्या पडवीशी. बांबूच्या खुंटांवर पालथ्या करवंट्या ठोकून तार काजूंमधून आली. ऑफिसच्या भिंतीवर, कपाटाच्या वर, चुंबक आणि लोखंडाची जीभ बसली. घंटा काही जमली नाही. जीभ एका खिळ्यावर आपटे आणि बारीक टिक्-टिक् होई. मामींच्या डाव्या तळव्याखाली बांबूची एक लवचिक पट्टी. दाबली की टोकं भेटत.

चतुर्थीची सुट्टी संपली. पहिल्याच सकाळी हेडसरांनी मामांना ऑफिसात बोलावलं. मी हजेरीपट घेऊन तिथेच होते, विज्ञानाचे सरही होते.

"मामा, तुमचे कष्ट मी पाहतोय," हेडसर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर दुःख होतं. "पण मला शाळा बघायची आहे. नोकरी अशी अंदाजावर नाही चालत. तुमच्या त्या दगडांतून आणि कोकमांतून काही एक निघायचं नाही..."

टिक्. टिक्-टिक्.

तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे बोलता बोलता पाल चुकचुकली, की बोललेलं खरं ठरतं. हेडसरांनी मानही वर न करता, सवयीने, बोटाच्या पेराने टेबलावर तीनदा ठोकलं. "सत्य, सत्य, सत्य," ते पुटपुटले, आणि पुढे बोलू लागले. "तेव्हा मी असं ठरवलंय..."

टिक्-टिक्.

हेडसरांचं बोट पुन्हा टेबलाकडे गेलं.

"सर," मामा म्हणाले, "पाल न्हय ती. बायल माझी."

हेडसरांनी वर पाहिलं. कपाटावरची ती काळी, वाकडी वस्तू त्यांच्या देखत थरथरली आणि पुन्हा बोलली: टिक्-टिक्.

"मग जा की!" हेडसर ओरडले. "उभे काय राहिलात! तिला काही हवं असेल!"

मामा धावत सुटले. हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, आणि आम्हा दोघांकडे न पाहता म्हणाले, "वर्गावर जा." 'दुसऱ्या माणसा'चा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

त्यानंतर रोज सकाळी शाळा भरण्याआधी मामा पडवीत जात. वीस बुडकुल्यांच्या रांगेशी वाकून दोन तारा जिभेला लावत. ताकद कमी वाटली, तर एकेकाला वेगळं विचारून आजारी कोण ते शोधत. झिजलेली पट्टी बदलत, शाईसारखं काळं झालेलं आगळ ओतून नवं भरत. पावसाळा सरला, माती कोरडी पडू लागली, तशी ते पुरलेल्या पत्र्यांवर रोज कळशीभर पाणी ओतू लागले. कळशी आता मातीची होती. पाणी फुकट जाऊ नये म्हणून दोन्ही जागी त्यांनी अबोली लावली. ते नाव त्यांच्या मनात असेल असं मला वाटत नाही. माझ्या मनात आलं, आणि ते मी कुणापाशी बोलले नाही.

काही महिन्यांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तिसऱ्या तासाच्या सुमारास रोज एकच टिक् होई. एकच. मामा उठत नसत. स्टुलावर बसल्या बसल्या किंचित हसत. मी विचारलं, "जात नाही तुम्ही?"

"काय नको तिका." ते अंगठ्याने बोटावरची काजळी पुसत राहिले. "निसता सांगता, आसंय म्हणान."

आसंय. मी आहे. मी कितीतरी कविता वाचल्या आहेत ज्यांना एवढंच म्हणायचं होतं आणि एवढ्यात म्हणता आलं नाही.

आणखी काही दिवसांनी मला त्याचं उत्तरही ऐकू आलं. तिसऱ्या तासाचे तीन टोल मामा जोरात देत. त्यानंतर, रूळ अजून घुमत असताना, हातोडीच्या दांड्याने एक हलका चौथा ठोका. कान देऊन ऐकलं तरच कळावा असा. वर्गाला तो कळत होता. तीन टोल झाले तरी मुलं पुस्तक उघडत नसत. चौथा झाला की पानं सळसळत. एका नव्या शिक्षकाने हेडसरांकडे तक्रार केली, की शिपाई तिसऱ्या तासाला चार टोल देतो. हेडसर म्हणाले, "चौथा शाळेचा नाही. तो तुम्ही मोजू नका."

मामी पाच वर्षांनी गेल्या, कार्तिकातल्या एका दुपारी, झोपेत. त्यांच्या तळव्याखाली पट्टी होती; दाबलेली नव्हती. मामांनी तार काढली नाही. बारा दिवसांनी ते कामावर आले आणि सकाळी पडवीत जाऊन वाकले. बुडकुली त्यांनी भरलेली ठेवली. पत्र्यांवर पाणी ओतलं.

मग एकदा तिसऱ्या तासाला ऑफिसात टिक् झालं. मी तिथेच होते. मामांचा हात स्टुलाच्या कडेवर घट्ट झाला. आम्ही दोघांनी वर पाहिलं. कपाटाच्या मागून एक खरी पाल निघाली आणि भिंतीवरून सावकाश छपराकडे गेली. हेडसरांचा हात सवयीने टेबलाकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला आणि कागदांत डोकं घातलं. मामा उठले, तीन टोल दिले आणि थोडं थांबून चौथाही दिला.

निवृत्त होऊन ते सावंतवाडीकडे पुतण्यांपाशी गेले. जाताना एक बुडकुलं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्यात पट्टी होती आणि काळ्याची पुरचुंडी. नव्या शिपायाने तिसऱ्या तासाचे तीन टोल दिले, स्पष्ट आणि वेळेवर. माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांनी पुस्तकांवर हात ठेवले आणि उघडली नाहीत. मीही खडू हातात धरून उभी होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

मामा गेल्याचं पत्र मला डिचोलीत मिळालं, बऱ्याच वर्षांनी. पोस्टकार्डावर चार ओळी, पुतण्याच्या हातच्या. मी स्वयंपाकघरात गेले. बुडकुलं फडताळात होतं. लोखंडाची पट्टी घासून लख्ख केली. सूनबाई म्हणाली, "आई, आगळ कशाला काढलंत? कढी तर झालीय." बुडकुल्यात मी ते ओतलं, पुरचुंडी भिजू दिली, दोन तारा लावल्या आणि डोळे अर्धे मिटून जिभेला विचारलं.

आधी काहीच नाही. थंड धातू. मग ती आंबट मुंगी, अगदी हलकी.

आसंय, म्हणाली.